दुसऱ्या वर्षीचे फूल



डिसेंबर उजाडला की इथल्या ग्रोसरीच्या, हार्डवेअरच्या, अगदी औषधांच्या दुकानांतसुद्धा एक चौकोनी खोका रांगेने मांडलेला दिसतो. खोक्यावर लालभडक फुलाचे चित्र. आत प्लॅस्टिकची कुंडी, दाबून वाळवलेली माती आणि मुठीएवढा कांदा. नाव ॲमरिलिस. माती भिजवायची, कांदा रोवायचा, खिडकीत ठेवायचा. सहा ते आठ आठवड्यांत दीड-दोन फुटांचा दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला कर्ण्यासारखी तीन-चार फुले उमलतात. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात हा थाट! पुढे फुले कोमेजतात, पाने लोंबायला लागतात आणि बहुतेक घरांतून तो कांदा कचऱ्याच्या पिशवीत जातो.

आमच्याकडचा गेला नाही, कारण तो आईने आणला होता. माझ्या बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून आली ती ऐन थंडीत. घसरण्याच्या भीतीने ती फारशी बाहेर पडत नसे. एकदा यांच्याबरोबर दूध आणायला गेली आणि हा खोका घेऊन आली. रोज सकाळी चहा झाला की प्लॅस्टिकची पट्टी घेऊन ती दांडा मोजायची आणि कॅलेंडरवर आकडा लिहायची. लेकीच्या बारशाच्या आठवड्यात चार फुले उमलली. एप्रिलमध्ये परत जाताना तिने बजावले, "टाकू नकोस हं तो. कांदा आहे, मेलेला नाही."

त्यानंतर दर रविवारच्या फोनवर आधी नातीची चौकशी आणि मग, "त्याला फूल आलं का गं?" दोन वर्षे मी "पुढच्या वर्षी येईल" असे सांगत होते. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाईला एक कांदा फुलवता येईना! शेवटी लायब्ररीतून पुस्तके आणून या कांद्याचे कुळ-मूळ शोधायला बसले. कांदा का रुसला ते कळलेच, पण त्याचा इतिहास इतका गमतीचा निघाला की तो आपल्या अंकासाठी लिहून काढावासा वाटला.

नावाचा घोळ

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यावरचे नावच शास्त्राप्रमाणे चुकीचे आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस याने १७५३ साली 'ॲमरिलिस बेलाडोना' हे नाव प्रसिद्ध केले. ॲमरिलिस ही रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यातली एक मेंढपाळीण. तिने प्रियकरासाठी स्वतःच्या काळजात बाण खुपसला आणि त्या रक्तातून हे फूल उगवले, अशी एक कथा विक्रेते रंगवून सांगतात. व्हर्जिलच्या काव्यात त्यातले काहीही नाही.

खरी ॲमरिलिस दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली. आपल्या खोक्यातल्या कांद्याचे पूर्वज मात्र ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या दक्षिण अमेरिकेतल्या प्रदेशांचे. दोन्ही फुले दिसायला सारखी, म्हणून दोन खंडांतली ही मंडळी बरीच वर्षे एकाच नावाखाली नांदत होती. १८२१ साली विल्यम हर्बर्ट या इंग्रज धर्मगुरूने त्यांची वाटणी केली आणि अमेरिकन शाखेला 'हिप्पीॲस्ट्रम' असे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या घोडेस्वार आणि तारा या दोन शब्दांवरून हे नाव बनले आहे. मराठीत मी त्याला 'शिलेदार-तारा' म्हणेन. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा स्वार. हा कांदाही पहिल्या मोसमापुरती शिदोरी पोटात घेऊनच येतो. पुढची पागा आपल्याला सांभाळायची असते.

वाटणी झाली तरी भाऊबंदकी मिटली नाही. १९३८ साली उफॉफ या शास्त्रज्ञाने वाद उकरून काढला, की लिनीयससमोरचे मूळ झाड अमेरिकन होते, तेव्हा ॲमरिलिस हे नाव अमेरिकन फुलांचेच. हा खटला जवळजवळ पन्नास वर्षे चालला. १९८७ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत निकाल लागला, की ॲमरिलिस आफ्रिकेची आणि हिप्पीॲस्ट्रम अमेरिकेचे. घरच्या घरी खात्री करायची असेल तर फुले गेल्यावर दांडा कापून पाहा. पोकळ निघाला तर हिप्पीॲस्ट्रम, भरीव निघाला तर खरी ॲमरिलिस. दुकानदारांनी निकाल मनावर घेतलेला नाही. इथे आल्यावर आपल्या आडनावांचे जे होते ते पाहता, या कांद्याने दुसऱ्याच नावाला ओ देण्याची सवय करून घेतली याचे मला नवल वाटत नाही.

घड्याळजी आणि धर्मगुरू

रानातले हिप्पीॲस्ट्रम खोक्यावरच्या चित्राइतके भरदार नसते. आजचे फूल हा संकराचा प्रताप आहे आणि त्याची सुरुवात कुठल्या मोठ्या बागेत नव्हे, तर लिव्हरपूलजवळच्या प्रेस्कॉट गावी आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीकडे झाली. १७९९ साली त्याने दोन जातींचा संकर करून लाल पाकळ्यांवर पांढरे पट्टे असलेले फूल मिळवले. काही कांदे त्याने लिव्हरपूलच्या वनस्पती उद्यानाला दिले. पुढे त्याची स्वतःची काचबाग नष्ट झाली, पण दिलेले कांदे वाचले आणि त्याच्या नावाची ती जात आजही बागांतून फुलते. वाटून ठेवलेलेच उरते, हे आपल्याकडच्या बायका रोपांच्या बाबतीत नेहमी म्हणतात ते खोटे नाही.

हर्बर्टने हा उद्योग शास्त्राच्या पायरीवर नेला. संकर करणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ, असे मानणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. हर्बर्ट स्वतः पाद्री असून त्याने असंख्य संकर केले आणि १८३७ साली या कुळावर एक मोठा ग्रंथ लिहिला. डार्विनने १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' मध्ये हर्बर्टच्या ज्या प्रयोगांचा दाखला दिला आहे, त्यांत हिप्पीॲस्ट्रमचा एक कांदाही आहे.

आता आपल्या भाषेशी असलेला धागा. हर्बर्टने याच कुळातल्या क्रायनम गटातल्या एका फुलाला विल्यम कॅरी याचे नाव दिले. हा कॅरी म्हणजे तोच, ज्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी लिपीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश काढला. इंग्लंडमधला हा चांभार १७९३ साली मिशनरी म्हणून बंगालमध्ये आला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठी शिकवू लागला आणि उरलेल्या वेळात श्रीरामपूरला पाच एकरांची बाग करत बसला. १८२० साली त्याने कलकत्त्यात शेती आणि बागायतीची संस्था स्थापन केली. १८२३ च्या पुरात त्याची बाग वाहून गेली, ती त्याने पुन्हा उभी केली. क्रायनम म्हणजे आपल्याकडची सुदर्शन आणि नागदवणा. लहानपणी कान दुखला की शेजारच्या आजी सुदर्शनाचे पान गरम करून त्याचा रस काढायच्या, ते अनेकांना आठवत असेल. महाबळेश्वरच्या कड्यांवर पावसाच्या तोंडावर फुलणारे पांढरे क्रायनम हेही याच गोतावळ्यातले.

कॅरीची एक हकीकत वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. इंग्लंडहून त्याला बियांची एक पिशवी आली होती. बिया काढून घेतल्यावर तळाची माती त्याने बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तिथे इंग्लंडच्या माळावर पायदळी तुडवले जाणारे साधे डेझीचे फूल उगवले. देश सोडून त्याला जवळजवळ तीस वर्षे झाली होती आणि हे फूल पुन्हा दिसेल अशी त्याला आशा नव्हती. आपल्याला झालेल्या आनंदाविषयी त्याने मायदेशी सविस्तर पत्र लिहिले. डेझीला बंगालचा पावसाळा सोसत नसे, म्हणून तो दरवर्षी बी राखून ठेवायचा आणि पावसानंतर पुन्हा पेरायचा. १८३४ साली श्रीरामपुरातच त्याचे निधन झाले. इंग्लंडला तो परत गेलाच नाही.

परक्या हवेत रोप जगवायचे तर त्याला न सोसणारा ऋतू आपण त्याच्यासाठी टाळायचा, ही युक्ती कॅरीला साधली होती. मला साधली नव्हती.

ट्युलिप नव्हे

माझी पहिली चूक कॅनडात राहणाऱ्या कोणाकडूनही व्हावी अशी होती. इथे कांदा म्हटला की डोळ्यांसमोर ट्युलिप येते. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडची राजकन्या ज्युलियाना ओटावात आश्रयाला होती. १९४३ साली तिची मुलगी मार्ग्रीट हिचा जन्म ओटावातच झाला. हॉलंड मुक्त करण्यात कॅनडाच्या सैनिकांचा मोठा वाटा होता. त्याची आठवण म्हणून १९४५ साली हॉलंडहून ओटावाला एक लाख ट्युलिपचे कांदे आले, आणि आपण दर मे महिन्यात फोटो काढायला जातो तो उत्सव १९५३ साली सुरू झाला. ट्युलिपचे कांदे पानगळीत जमिनीत पुरायचे, हिवाळाभर थंडी खाऊ द्यायची, वसंतात फूल. थंडीवाचून ट्युलिप फुलतच नाही.

मी हाच नियम आईच्या कांद्याला लावला. फुले गेल्यावर पाने कापली आणि कांदा फ्रिजच्या खालच्या खणात ठेवला. वर आम्ही बागेतून तोडून आणलेली सफरचंदे त्याच खणात भरली! पिकणाऱ्या सफरचंदांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि तो कांद्याच्या पोटातल्या कळीला मारक ठरतो. हे रसायन मी विद्यार्थ्यांना शिकवलेले आहे. पण फ्रिजचे दार लावताना ते आठवले नाही.

दुसऱ्या वर्षी कुठेतरी वाचले की या कांद्याला अंधारात विश्रांती लागते. म्हणून उन्हाळाभर तो उत्तरेच्या खिडकीत कसाबसा ठेवला, चूक भरून काढायला खताचा मारा केला आणि सप्टेंबरात मोठ्या आशेने बेसमेंटमध्ये नेला. बाहेर काढल्यावर आली ती नुसती पाने.

कांद्याच्या पोटात

उत्तर मिळाले ते एका डच शास्त्रज्ञाकडून. वाखेनिंगेन इथल्या ब्लाऊ याने हिप्पीॲस्ट्रमचे कांदे उभे चिरून, आत काय काय घडते याचा १९३१ साली बारीक अभ्यास प्रसिद्ध केला. कांदा आत सतत एक क्रम चालवत असतो. चार पाने, मग एक फुलांचा दांडा, पुन्हा चार पाने, पुन्हा दांडा. म्हणजे साधारण चार पानांमागे एक दांडा असा हिशेब. कळी पोटात धरल्यापासून ती बाहेर फुलेपर्यंत वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ जातो. मधल्या काळात पानांनी पुरेसे अन्न साठवले नाही तर ती कळी आतल्या आत वाळून जाते.

तेव्हा फूल अंधारात तयार होत नाही, ते आदल्या उन्हाळ्यात पानांवर तयार होते. अंधारातली विश्रांती फक्त ते केव्हा बाहेर पडायचे याची वेळ जुळवते. मी दोन वर्षे विश्रांतीचाच विचार केला, मेहनतीचा केला नाही.

यातून आणखी एक कोडे सुटले. विकतचा कांदा नाताळात हमखास फुलतो, पण घरी सांभाळलेला बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये का? व्यापारी कांदे मुख्यत: हॉलंड, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील इथून येतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे. तिथला कांदा आपला उन्हाळा आधीच भोगून, विश्रांती घेऊन जहाजात बसतो, त्यामुळे तो इथे डिसेंबरात जागा होतो. हॉलंडमध्ये हेच काम काचगृहांत आणि तापमान राखलेल्या कोठारांत करतात. म्हणजे पहिल्या वर्षीचे फूल हे दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातल्या, दुसऱ्या कोणाच्या तरी उन्हाळ्याची कमाई असते. आपण फक्त पाणी घालतो. इथल्या उन्हावर, आपल्या हातांनी झालेले असे पहिले फूल म्हणजे दुसऱ्या वर्षीचे.

गणपती ते संक्रांत

दक्षिण ओंटारिओच्या हवेला जमणारा क्रम मी आता असा ठरवला आहे.

फुले गेली की दांडा पिवळा पडल्यावर कापावा, पाने मात्र कापू नयेत. कुंडी कांद्यापेक्षा फक्त इंच-दोन इंच रुंद असावी आणि कांद्याचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर राहावा. वसंतात घरातली सर्वांत उजेडाची, म्हणजे दक्षिणेची खिडकी त्याला द्यावी. व्हिक्टोरिया डे उलटला आणि फ्रॉस्टची भीती संपली की कुंडी बाहेर न्यावी. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात, नाहीतर पाने भाजतात. वरची माती सुकली की पाणी. दर दोन आठवड्यांनी साधे २०-२०-२० खत, पुड्यावरच्या निम्म्या मात्रेत. जास्त घातल्याने काही साधत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत. पाने मोजत जावीत. आठ झाली तर दोन दांड्यांची आशा धरायला हरकत नाही.

सप्टेंबरच्या मध्यास, साधारण गणपती उठले की, पाणी बंद. फ्रॉस्टच्या आत कुंडी घरात आणून बेसमेंटच्या कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. तिथे १० ते १३ अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. फ्रिज नको आणि जवळ सफरचंदे तर नकोतच. वाळलेली पाने काढून टाकावीत. कांदा दाबून पाहावा. मऊ लागला तर बहुधा आत कुज किंवा माशीची अळी असते. दिवाळी त्याने अंधारातच काढायची. आठ ते दहा आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या शेवटी, वरची माती बदलून कुंडी उबदार, उजेडाच्या जागी आणावी आणि अगदी थोडे पाणी द्यावे. तिथून सहा ते आठ आठवडे. नाताळ गाठायचा असेल तर पाणी ऑगस्टच्या मध्यालाच तोडावे लागते, आणि इथला तोकडा उन्हाळा आणखी तोडायला माझे मन होत नाही. आपल्याला संक्रांत चालते!

एक सावधगिरी. हा कांदा स्वयंपाकघरातल्या कांद्यांजवळ ठेवू नये. त्यात लायकोरीन नावाचे अल्कलॉइड असते. ते १८७७ साली प्रथम डॅफोडिलमधून वेगळे केले गेले. पोटात गेल्यास उलट्या होतात. लहान मुले आणि मांजरे असलेल्या घरांनी विशेष जपावे. याच कुळातल्या स्नोड्रॉपमधून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅलँटामीन मिळाले. स्मृतिभ्रंशावरचे औषध म्हणून अमेरिकेत त्याला २००१ साली मान्यता मिळाली. विष आणि औषध एकाच कुळात नांदतात, यात रसायनवाल्यांना नवे काही नाही.

आमच्या कांद्याचे काय झाले ते सांगून संपवते. तिसऱ्या वर्षी उन्हाळाभर तो मागच्या पायरीवर होता. पाच पाने आली. संक्रांतीला नुसती कळी होती. तिळगूळ संपल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती उघडली. फुले दोनच, दांडाही आखूड. तीन वर्षांच्या लेकीने पट्टी लावून मोजला. तिचे आकडे अजून दहाच्या पुढे चुकतात.

आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून आता तिचे इकडे येणे होणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. तसे आम्ही म्हणत नाही. रविवारी फोनवर "फूल आलं गं आई" म्हटले तर पहिला प्रश्न, "किती?" मी सांगितले, "दोन." ती म्हणाली, "माझ्या वेळी चार आली होती." मग जरा थांबून, "आता पानं कापू नकोस म्हणजे झालं." ती चार फुले कुठल्या तरी परक्या शेतातून तयार होऊन आली होती आणि ही दोन आपल्या पायरीवरची आहेत, हे काही मला तिला फोनवर सांगता आले नाही. म्हणून इथे लिहिते. हा अंक तिला पाठवणार आहे.

मंडळातल्या कोणाकडे नाताळातले कांदे टाकायच्या बेतात असतील तर कृपया टाकू नका. उन्हाळी सहलीला घेऊन या. ज्यांच्या कांद्यांना बाजूने पिल्ले फुटली असतील त्यांनी तीही आणावीत. पिल्लाला फुलायला तीन-चार वर्षे लागतात, पण तेवढे आपण बहुतेक सगळे इथे आहोतच.